जिप्सीचं स्टिअरिंग 55-60 ला थरथरतं, दुरुस्त केलं तरी परत थरथरतं: दोष कुठे शोधायचा

तक्रार साधारण अशी असते. रस्ता सरळ आहे, वेग 50 ते 60 च्या मधे आहे, आणि पुढच्या एका चाकाखाली खड्डा किंवा सांधा येतो. त्याच क्षणी स्टिअरिंग डावीउजवीकडे हिसके मारायला लागतं. हातात धरवत नाही, बॉनेट हलताना दिसतं, आणि वेग 30 पर्यंत उतरल्याशिवाय ते थांबत नाही. मग गाडी गॅरेजला जाते. बॅलन्सिंग होतं, अलाइनमेंट होतं, स्टिअरिंगचा डॅम्पर (हिसके दाबणारा शॉक अॅब्सॉर्बरसारखा भाग) नवा बसतो. काही दिवस गाडी शांत चालते आणि एक दिवस नागपूरच्या वर्धा रोडवर तोच प्रकार पुन्हा सुरू होतो.

या परत येण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. थरथर थांबवली जाते, पण ती जिथून सुरू होते ती जागा कुणी उघडत नाही. ती जागा घरच्या अंगणात, साध्या अवजारांनी शोधता येते. फक्त तपासणीचा क्रम पाळावा लागतो आणि दोष हाताला लागेपर्यंत एकही सुटा भाग विकत घ्यायचा नसतो.

नागपुरात हा दोष ठळकपणे जाणवण्याची दोन कारणं मला दिसतात. एक म्हणजे आपले सिमेंटचे रस्ते. डांबरी रस्त्यावरचा खड्डा एकदा येऊन जातो, सिमेंटच्या रस्त्यावर ठरावीक अंतराने सांधा येतच राहतो आणि ढिल्या अॅक्सलला एकामागून एक टोला बसतो. दुसरं कारण, इथे विकत मिळणाऱ्या बऱ्याच जिप्सींचं आधीचं आयुष्य पेंच, उमरेड-कऱ्हांडला किंवा ताडोब्याच्या कच्च्या रस्त्यांवर गेलेलं असतं. जंगलात वेगाची मर्यादा असते, त्यामुळे गाडी 50 च्या वर जातच नाही आणि झिजलेलं किंगपिन (पुढचं चाक ज्याभोवती डावीउजवीकडे वळतं तो खुंटा) कुणाच्या लक्षात येत नाही. गाडी शहरात आली, नव्या मालकाने आउटर रिंग रोडला लावली, की दोष बाहेर पडतो.

आधी ही तीच थरथर आहे का ते ठरवा

धक्का न लागताही 80 च्या आसपास स्टिअरिंगमध्ये बारीक, सलग कंप येत असेल आणि वेग बदलला की जात असेल, तर ते चाकाचं बॅलन्सिंग. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर डिस्क किंवा ड्रम बघा. स्टिअरिंग शांत आहे पण सीट आणि फरशी थरथरते, तर प्रोपेलर शाफ्टचे (अॅक्सलपर्यंत ताकद नेणारा लांब दांडा) क्रॉस, म्हणजे सांधे तपासा. चारचाकी गिअर (4x4) टाकून कोरड्या डांबरावर चालवताना गाडी अडखळत असेल तर तो दोषच नाही. जिप्सीत पुढचा आणि मागचा अॅक्सल जोडला गेला की मधे फरक सांभाळणारं काही नसतं, म्हणून कोरड्या पक्क्या रस्त्यावर तो गिअर टाकायचाच नाही.

इथे मी ज्याबद्दल लिहितोय ती थरथर धक्क्याने सुरू होते, आपोआप वाढते आणि वेग उतरवूनच थांबते. ती पुढे सलग, अखंड अॅक्सल असणाऱ्या गाड्यांना होते. म्हणजे 1985 मध्ये आलेली मारुती-सुझुकीची जिप्सी, नंतरची जिप्सी किंग, जुन्या महिंद्रा जीप, थारचं डीआय मॉडेल आणि 2023 मध्ये आलेली पाच दारांची जिम्नी. थारचं सीआरडीई मॉडेल आणि 2020 ची नवी थार यांना पुढे दोन्ही चाकांचं स्वतंत्र सस्पेन्शन आहे, त्यांचा मार्ग वेगळा. खालचे आकडे जिप्सीचे आहेत.

चालत्या गाडीत हे सुरू झालं तर स्टिअरिंगशी झटापट करू नका. अॅक्सिलरेटर सोडा, हात घट्ट न आवळता दिशा तेवढी धरून ठेवा आणि गाडी आपोआप मंदावू द्या. जोरात ब्रेक मारला की पुढच्या चाकांवर भार येतो आणि हिसके वाढू शकतात. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नका, मनगट मुरगळतं.

डॅम्पर हा उपाय का नाही

पुढची दोन चाकं टायरॉडने एकमेकांना बांधलेली असतात. धक्क्याने एक चाक वळलं की दुसरंही वळतं, टायरची लवचीकता त्यांना परत ढकलते, आणि ती सरळ रेषेच्या पलीकडे जाऊन पुन्हा उलट येतात. चांगल्या गाडीत हे एक-दोन हेलकाव्यांत जिरतं. जिरवणारी गोष्ट कोणती? किंगपिनच्या बेअरिंगमधला ठरवून ठेवलेला आवळपणा. सुझुकीने तो मुद्दाम दिलेला आहे. तो संपला की हेलकावा जिरण्याऐवजी वाढतो. त्यात कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकाव, पुढे सविस्तर) चुकलेला असला, टायरॉडचे एंड ढिले असले, चाकं जड असली, की प्रत्येक गोष्ट थोडी थोडी भर घालते.

डॅम्पर हा हेलकावा बाहेरून दाबतो. नवा असेल तोवर चांगला दाबतो, म्हणून गाडी बरी झाली असं वाटतं. आत किंगपिन झिजतच राहतं आणि डॅम्परवर रोज जास्त ताण येतो. माझ्या ओळखीच्या मानकापूरच्या एका जिप्सीवाल्याला गॅरेजमध्ये दर वेळी हेच ऐकायला मिळायचं: "भाऊ, डॅम्पर टाकून घ्या ना, थरथर बंद होऊन जाईन." व्हायचीही बंद. शेवटी अॅक्सल उघडला तेव्हा खालच्या बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे डाग होते आणि वाटीत बोटाच्या नखाला लागतील एवढे खळगे. त्यावर कितीही चांगला डॅम्पर लावला तरी काही दिवसच टिकणार.

कामाला लागण्याआधी

सपाट, पक्की जमीन हवी. घराच्या पोर्चला गेटकडे उतार असतो, तिथे गाडी उचलू नका. मागच्या चाकांना पुढून-मागून दोन्ही बाजूंनी विटा किंवा लाकडी ठोकळे लावा, नुसत्या हँडब्रेकवर विसंबू नका. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. उचलल्यावर अॅक्सलखाली दोन्ही बाजूंना घोड्या (लोखंडी स्टँड) लावायच्या आणि गाडी घोडीवर टेकल्यावर हाताने जोरात हलवून बघायची, मगच खाली जायचं. मे महिन्यात हे काम सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळीच करा. तापलेल्या लोखंडाला हात लावत, डोळ्यांत घाम जात असताना बारीक प्ले, म्हणजे सैलपणामुळे होणारी चाल, जाणवत नाही, आणि इथे सगळा खेळ बारीक प्ले जाणवण्याचाच आहे.

पहिली पायरी: चाकं

पैसे लागत नाहीत म्हणून इथून सुरुवात. पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावा आणि त्याच रस्त्यावरून जा. थरथर पूर्ण गेली तर दोष टायरमध्ये किंवा रिममध्ये. थोडी कमी झाली, पण गेली नाही, तर टायर हे फक्त निमित्त आहे, पुढे चला.

हवा गार टायरमध्येच मोजायची. तापमान साडेपाच अंशांनी वाढलं की दाब साधारण 1 पीएसआयने वाढतो. सकाळी 28 अंशांना भरलेली हवा दुपारी 45 अंशांत, गाडी न चालवताही, 3 पीएसआयने चढलेली दिसते. दुपारी पंपावर काट्याकडे बघून हवा सोडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर बसका असतो, आणि बसके पुढचे टायर ही थरथर लवकर उठवतात.

आता मोठ्या टायरबद्दल. जिप्सी किंगचा मूळ टायर 205/70 आर 15, त्याचा व्यास सुमारे 668 मिलिमीटर. हौसेने बसवला जाणारा 235/75 आर 15 सुमारे 733 मिलिमीटरचा. म्हणजे व्यास जवळपास दहा टक्क्यांनी वाढला. गाडीची उंची मात्र त्याच्या अर्ध्यानेच, सव्वातीन सेंटिमीटरने वाढते. स्पीडोमीटर 60 दाखवतो तेव्हा खरा वेग 66 च्या आसपास असतो. चाकाचं वजन वाढतं आणि ते वजन किंगपिनपासून लांब फिरतं. त्यात बाहेर निघणारे रुंद रिम किंवा स्पेसर लावले असतील तर रस्त्याचा प्रत्येक टोला जास्त लांब तरफेने किंगपिनवर बसतो. मोठे टायर थरथर निर्माण करत नाहीत, पण मूळ टायरवर दबून राहिलेला दोष ते नक्की बाहेर काढतात. निदान करताना मित्राकडून मूळ मापाची दोन चाकं उसनी घेऊन पुढे लावून बघता आली तर फार वेळ वाचतो.

दुसरी पायरी: गाडी जमिनीवर, इंजिन बंद, मदतीला एक माणूस

मदतनीस आत बसून स्टिअरिंग थोडंथोडं डावीउजवीकडे हलवत राहील. सलग, एकाच लयीत, चाक वळायच्या आत. तुम्ही खाली प्रत्येक सांध्यावर बोटं ठेवा, अर्धं बोट एका भागावर आणि अर्धं दुसऱ्यावर. डोळ्याला न दिसणारी चाल बोटाला कळते. स्टिअरिंग बॉक्सपासून सुरू करा. बॉक्स चेसिसवर हलतो का? त्याचे बोल्ट घट्ट असले तरी भोवतीच्या पत्र्याला चीर असू शकते, म्हणून तिथला चिखल तारेच्या ब्रशने काढून, उजेड मारून बघा. मग पिटमन आर्म (बॉक्समधून निघणारा आखूड दांडा), त्याला जोडलेल्या ड्रॅग लिंक या रॉडची दोन्ही टोकं, टायरॉडचे दोन्ही एंड. ज्या एंडमध्ये वर-खाली किंवा आडवी चाल लागते तो बदलायचा. ग्रीस मारून चाल जात नाही.

तसंच मागेपुढे बघत शॅकलचे (कमानपाट्याचं टोक चेसिसला जोडणारी हलती पट्टी) बुश आणि पाटा अॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट तपासा. अॅक्सल पाट्यावर घासून चकचकीत झालेली जागा दिसली तर यू-बोल्ट सैल आहेत किंवा मधला सेंटर बोल्ट तुटलेला आहे. सेंटर बोल्ट तुटला की अॅक्सल एका बाजूने काही मिलिमीटर मागे सरकतो आणि मग कितीही अलाइनमेंट करा, गाडी सरळ राहत नाही.

तिसरी पायरी: चाक हवेत

पुढचं एक चाक उचला, घोडी लावा, वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. चाल लागली तर ती व्हील बेअरिंगची की किंगपिनची, हे ओळखायची सोपी युक्ती आहे: मदतनीसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेकने हब आणि नकल (किंगपिनवर वळणारा, चाक धरणारा भाग) एकमेकांना जखडले जातात. चाल नाहीशी झाली तर व्हील बेअरिंग ढिलं. तशीच राहिली तर किंगपिन. डाव्या-उजव्या बाजूने धरून हलवल्यावर चाल लागते, वर-खाली नाही, तर परत टायरॉडकडे जा.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. वर-खाली चाल लागली नाही, म्हणजे किंगपिन चांगलं आहे असं होत नाही. चाल लागेपर्यंत बेअरिंग झिजायला बराच काळ जातो, पण त्याच्या कितीतरी आधी आवळपणा संपलेला असतो. थरथरीसाठी तेवढं पुरतं. बरेचसे मेकॅनिक इथेच थांबतात, "प्ले नाही" म्हणतात आणि डॅम्परकडे वळतात. दोष परत येण्याचं मूळ मला सगळ्यात जास्त वेळा या एका ठिकाणी सापडलेलं आहे.

किंगपिन उघडताना

जिप्सीच्या अॅक्सलच्या टोकाला मोठा पोकळ गोळा असतो आणि त्याभोवती नकल फिरतं. वर एक आणि खाली एक किंगपिन, दोन्हीकडे टेपर रोलर बेअरिंग, आणि किंगपिनच्या झाकणाखाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या. शिम कमी केले की बेअरिंग आवळतं, वाढवले की सैल होतं. एवढीच रचना आहे, म्हणून घरी करता येते. चाक, कॅलिपर आणि हब उतरवावं लागतं. कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळत सोडू नका, तारेने पाट्याला बांधा.

नकल सुटं होण्याआधी टायरॉडचा एंड काढा आणि नकल हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. मधोमध, सरळ स्थितीत, खाचेत बसल्यासारखं अडकलं तर निदान तिथेच झालं. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, त्यामुळे रोलर वाटीवर एकाच जागी वर्षानुवर्षं आपटत राहतात आणि तिथे खळगे पडतात. असं बेअरिंग शिमने आवळायचा प्रयत्न करू नका. मधे आवळपणा येईपर्यंत बाजूला जाम होतं आणि स्टिअरिंग वळून परत येत नाही. बेअरिंग वाटीसकट बदला. जुनी वाटी पितळी पंचाने, चारी बाजूंनी थोडीथोडी ठोकत काढा.

आत काय निघतं तेही बघा. ग्रीस घट्ट आणि काळपट असेल तर ठीक. पातळ, काळं, गोळ्यातून खाली टपकणारं असेल तर अॅक्सलच्या आतलं सील गेलंय आणि डिफरन्शियलचं 90 नंबरचं ऑइल नकलमध्ये येऊन ग्रीस धुऊन टाकतंय. नुसतं बेअरिंग बदललं आणि हे सील तसंच ठेवलं, तर पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही परत इथेच असाल. ग्रीस दुधाळ, कॉफीच्या रंगाचं असेल तर पाणी शिरलंय, म्हणजे बाहेरचं रबरी सील आणि त्यामागचं नमद्याचं कडं दोन्ही संपली. पावसाळ्यात उमरेड किंवा पारशिवनीकडच्या नाल्यांतून गाडी काढणाऱ्यांनी पाऊस संपल्यावर ही तपासणी करायलाच हवी. गोळ्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर गंजाचे खळगे असतील तर नवं सीलही लवकर फाटेल. बारीक पॉलिश पेपरने तो भाग घासून घ्या.

आता मुख्य माप. नवी बेअरिंग ग्रीस भरून बसवा, बाहेरचं सील अजून लावू नका, झाकणाचे बोल्ट पूर्ण घट्ट करा. टायरॉडचा एंड नकलच्या ज्या भोकात बसतो त्यात स्प्रिंगच्या वजनकाट्याचा हूक अडकवा आणि आर्मच्या काटकोनात ओढा. नकल हलायला सुरुवात होते त्या क्षणाचा आकडा वाचा. सुझुकीच्या मापाप्रमाणे सील नसताना तो 1 ते 1.8 किलोच्या मधे यायला हवा. कमी आला तर एक पातळ शिम काढा, जास्त आला तर घाला, आणि प्रत्येक वेळी बोल्ट पूर्ण आवळूनच मोजा. मी वरच्या टोकाच्या जवळ ठेवतो, कारण नवी बेअरिंग बसताना थोडी सैल होतात. दोन्ही बाजूंचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. हा काटा कुठल्याही भांड्यांच्या दुकानात मिळतो, तोही न वापरता हाताच्या अंदाजाने शिम लावणं मला पटत नाही. हाताला दोन किलो आणि अर्धा किलो यातला फरक ग्रीसच्या चिकटपणात कळत नाही.

सगळं जुळल्यावर सील लावा, नकलमध्ये ग्रीस भरा, टायरॉडच्या खाचांच्या नटाला नवी स्प्लिट पिन घाला. जुनी पिन सरळ करून परत घालायची नाही.

कॅस्टर: लांब शॅकलची किंमत

सायकलचा पुढचा चिमटा जसा थोडा मागे झुकलेला असतो आणि त्यामुळे हात सोडले तरी चाक सरळ राहतं, तसाच किंगपिनचा अक्ष वरच्या टोकाला मागे झुकलेला असतो. या झुकावाला कॅस्टर म्हणतात. जिप्सीत तो मुळात साडेतीन अंशांच्या आसपास असतो. म्हणजे मुळातच थोडा आहे, गमवायला फारसा नाही.

जिप्सीच्या पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला असतं. गाडी उंच करायची म्हणून तिथे लांब शॅकल लावलं की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, मागचं तिथेच राहतं, आणि पूर्ण अॅक्सल नाकावर झुकतो. हिशोब घरी करता येतो. समजा पाट्याच्या दोन डोळ्यांतलं अंतर 90 सेंटिमीटर आहे आणि नव्या शॅकलने पुढचा डोळा 5 सेंटिमीटर खाली गेला. उतार झाला तीन अंशांहून थोडा जास्त. साडेतीनपैकी तीन गेले. उरलेल्या अर्ध्या अंशावर चाक सरळ धरून ठेवणारं काहीच नाही. भरीला, ज्या जिप्सींना मागे जादा पाटे टाकून शेपूट वर केलेली असते त्यांचाही कॅस्टर कमी होतो. जिप्सीचा व्हीलबेस 2375 मिलिमीटर आहे, मागची बाजू 5 सेंटिमीटर वर गेली की आणखी सव्वा अंश गेला.

माझं मत स्पष्ट आहे. उंची हवी असेल तर लांब शॅकल काढून टाका आणि कमानपाटेवाल्याकडून पाटे फुगवून घ्या किंवा चांगले उंच पाटे लावा. त्यात दोन्ही डोळे सारखे खाली जातात, अॅक्सल झुकत नाही. शॅकल ठेवायचंच असेल तर अॅक्सल आणि पाट्याच्या मधे उताराची पाचर घालावी लागते. जिप्सीत पाटा अॅक्सलच्या खालून जातो, म्हणून पाचरीची जाड बाजू पुढे येते. उलट लावली तर उरलासुरला कॅस्टरही जातो. पाचर पोलादी घ्या, अॅल्युमिनियमची तडकते. सेंटर बोल्ट तेवढा लांब घ्या, यू-बोल्ट नवेच लावा आणि काही दिवस चालवून परत आवळा. हिंगण्याच्या एमआयडीसीतला कुठलाही चांगला लेथवाला पाचर करून देईल, पण अंश तुम्ही मोजून सांगायचा.

याचीही एक बाजू आहे. अॅक्सल मागे झुकवला की डिफरन्शियलचं मागे बघणारं तोंड खाली जातं आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो. दोन-तीन अंशांपर्यंत चालतं, त्यापुढे चारचाकी गिअरमध्ये शाफ्ट घरघरायला लागतो. म्हणून पाचरीने सगळं भरून काढायचा हट्ट करू नये.

मोजण्यासाठी फोनमधलं कोन दाखवणारं अॅप पुरतं. आधी फोन जमिनीवर ठेवून तिचा उतार बघा. मग चाकं सरळ असताना किंगपिनच्या वरच्या सपाट झाकणावर, पुढे-मागे दिशेत, फोन ठेवा आणि जमिनीचा आकडा वजा करा. हे अर्ध्या अंशापर्यंतचं माप आहे, पण कॅस्टर तीन आहे की शून्य, एवढं त्यातून नक्की कळतं. जिम्नीवाल्यांसाठी: तुमच्याकडे पुढे कॉइल स्प्रिंग आणि लांब आर्म आहेत, त्यामुळे पाचर नाही, आर्मच्या बुशमधून कॅस्टर दुरुस्त होतो.

उंची आणि टायर बदलताना कायद्याचाही विचार करा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीत लिहिलेला तपशील कंपनीच्या मूळ मापापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. अपघात झाला तर विमा कंपनीचा माणूस आधी टायर आणि शॅकल बघतो.

टो घरी लावता येतो

टो म्हणजे दोन्ही चाकांची पुढची बाजू किंचित आत वळलेली असणं. किंगपिन आणि कॅस्टर झाल्यावरच टो लावा, आधी लावलेला वाया जातो. गाडी सरळ काही फूट पुढे ढकलून थांबवा. दोन्ही पुढच्या टायरच्या मधोमध, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, पुढून खडूची बारीक रेघ मारा आणि दोन रेघांतलं अंतर मोजा. गाडी अर्धा फेरा ढकला, म्हणजे त्याच रेघा मागे येतील, परत मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा 2 ते 6 मिलिमीटरने कमी हवं. टायरॉडचे लॉकनट सैल करून रॉड फिरवा, परत मोजा. गाडी ढकलायचीच, जॅकवर चाक फिरवून मोजलेलं माप जमिनीवर बदलतं.

शेवटची चाचणी डॅम्परशिवाय

सगळं बसवल्यावर डॅम्पर काढून ठेवा आणि रविवारी भल्या पहाटे एमआयडीसीतल्या मोकळ्या सिमेंटच्या रस्त्यावर जा. आउटर रिंग रोड किंवा समृद्धी महामार्ग हे चाचणीचे रस्ते नाहीत. 30 पासून सुरुवात करा, प्रत्येक फेरीला पाच-पाचने वाढवा, सांध्यावरून जाताना स्टिअरिंग हलकं धरा. एक हिसका येऊन तो लगेच जिरला तर गाडी बरी झाली. कुठल्याही वेगाला हेलकावा वाढताना जाणवला की तिथेच थांबा, आणि परत काट्याने किंगपिनचा आकडा मोजा. डॅम्परशिवाय शांत चालणाऱ्या गाडीलाच डॅम्पर परत लावायचा. तेव्हा तो त्याचं खरं काम करतो: खडकाळ वाटेवर स्टिअरिंगला बसणारे मोठे झटके मऊ करण्याचं.

महिन्याभराने किंवा पहिल्या लांब प्रवासानंतर यू-बोल्ट, शॅकलचे नट आणि किंगपिनच्या झाकणाचे बोल्ट परत आवळून बघा.

दोन गोष्टी मात्र घरी करू नका. नकलच्या आर्मला किंवा टायरॉडला चीर दिसली तर वेल्डिंग करून घेऊ नका, कुणी कितीही खात्री दिली तरी. ते भाग बदलायचेच. आणि चेसिसला स्टिअरिंग बॉक्सजवळ चीर असेल तर गाडी चालवत नेऊ नका. उचलून अशा कारागिराकडे न्या, जो चिरीच्या टोकांना भोक पाडून, आतून पट्टी देऊन काम करतो. नुसती वरून टाकलेली वेल्डिंगची रेघ पहिल्याच खराब रस्त्यावर शेजारून फाटते.